ड्रिलपाशी उभ्या असलेल्या पोरांसाठी एक दिवस मागतो

प्रति,
मा. संचालक,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



हे पत्र उमरग्याहून लिहितो आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत माझं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक पिलर ड्रिल, एक बेंच ड्रिल, वेल्डिंग आणि ग्राइंडर, एवढाच पसारा. आयटीआयमधून फिटर ट्रेड करून या धंद्यात आलो आणि त्याच शिक्षणावर आजवर पोट भरलं, म्हणून मागणं घेऊन तुमच्याच दारात येतो आहे.

मागणं एकच आहे, ते आधी सांगून टाकतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला तालुक्याच्या शासकीय आयटीआयचं मशीन शॉप गावातल्या वर्कशॉपमध्ये हाताखाली राबणाऱ्या पोरांसाठी दिवसभर खुलं करावं. वेगवेगळ्या मालात भोक कसं पाडायचं आणि कोणता माल कधी हातावर उलटतो, हे त्यांना ड्रिल मशीनसमोर उभं करून दाखवावं. व्याख्यान नको, पत्रकं नकोत. यंत्र, माल आणि शिकवणारा निदेशक, एवढं पुरे.

ड्रिलच का, असं तुम्ही विचाराल. लेथला पोरं भितात. ग्राइंडरच्या ठिणग्या दिसतात, वेल्डिंगचा उजेड डोळ्यांवर येतो. ड्रिल मशीन मात्र गरीब वाटतं. नवा पोरगा कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याला झाडू मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात ड्रिलचं हँडल. ‘पंच मारलाय तिथं भोक पाड’ एवढंच त्याचं प्रशिक्षण.

पुण्या-चाकणच्या कारखान्यात ड्रिलवरच्या कामगारासमोर दिवसभर एकच जॉब असतो. त्याचं जिग तयार असतं, क्लॅम्प ठरलेला असतो, गती इंजिनिअरने ठरवून दिलेली असते. आमच्याकडे सकाळी ट्रॉलीच्या हुकाची जाड एमएस प्लेट येते. तिच्यामागून कुणी मोटारपंपाची बिडाची फ्लँज घेऊन येतो. मग पितळी बुश, मग रसवंतीवाल्याचा स्टेनलेसचा पत्रा, दुपारी दुकानाच्या पाटीसाठी ॲक्रेलिक, आणि दिवेलागणीला एखादा ट्रकवाला तुटलेल्या कमानीचा पाटा टाकून म्हणतो, ‘तेवढं एक भोक मारून द्या, रात्री हैदराबाद गाठायचंय.’ यंत्र तेच, बिट तेच, पोरगाही तोच. माल मात्र तासातासाला बदलतो आणि मालाबरोबर धोकाही बदलतो. कारखान्यातल्या ड्रिलपेक्षा आमच्या ड्रिलवर जास्त जाणकार माणूस हवा, आणि उभा असतो सगळ्यांत कच्चा.

फिटरच्या अभ्यासात हे सगळं आहे. हाय स्पीड स्टीलच्या बिटासाठी कापण्याच्या गतीचा तक्ता चेन्नईच्या ‘निमी’ या संस्थेच्या पुस्तकात दिलेला असतो. मिनिटाला किती मीटर, तर साध्या पोलादाला २० ते ३०, बिडाला २५ ते ४०, पितळेला ३५ ते ५०, ॲल्युमिनियमला ७० ते १००, आणि ताकदीच्या अलॉय स्टीलला फक्त ५ ते ८. या आकड्याला १००० ने गुणायचं, मग बिटाचा मिलिमीटरमधला व्यास गुणिले ३.१४ यांनी भागायचं, की मिनिटाचे फेरे मिळतात. १० मिमीच्या बिटाला साध्या पोलादात साधारण साडेनऊशे फेरे, ॲल्युमिनियमला अडीच हजार, कमानीच्या पाट्याला दोनशेच्या आसपास. एकाच दिवसात एकाच बिटाला इतका फरक लागतो आणि त्यासाठी बेल्ट दुसऱ्या पुलीवर चढवायला दोन मिनिटं पुरतात. बहुतेक वर्कशॉपमध्ये मात्र बेल्ट एका पुलीवर बसला की तुटेपर्यंत तिथेच असतो. पोराला बेल्ट सरकवता येतो. तो कशासाठी सरकवायचा, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता एकेका मालाकडे येतो. इथेच खरी शिकवण्यासारखी गोष्ट आहे.

साधं पोलाद सगळ्यांत सरळ. पण त्याची चिप लांब वेटोळी होऊन वर येते, गरम असते आणि तिची कड पात्यासारखी धारदार असते. ती बिटाभोवती गुंडाळली की पोरगा सवयीने हात घालतो. ती हाताने काढायची नाही. मशीन बंद करून आकड्याने किंवा ब्रशने काढायची. त्याहून बरं म्हणजे तिला लांब होऊच द्यायचं नाही. दाब मध्येच क्षणभर सैल केला की चिप तुटते.

बीड उलटं वागतं. त्याची चिप निघत नाही, काळी भुकटी पडते. बिडात ग्रॅफाइट असल्यामुळे ते कोरडंच कापतात. कूलंट ओतलं तर त्या भुकटीचा चिखल होऊन बिट घासत बसतं. धोका भोकात नसतो, भुकटीत असतो. पोरगं खाली वाकून तोंडाने फुंकर मारतं, नाहीतर कॉम्प्रेसरचा पाइप लावतं, आणि भुकटी थेट डोळ्यात. ओतीव जॉबच्या वरच्या कातडीत साच्याची वाळू अडकलेली असते. त्यामुळे पहिले एक-दोन मिलिमीटर बिट कुरकुरतं आणि पोरगं काय झालं ते पाहायला तोंड आणखी जवळ नेतं. बिडाच्या कामाला गॉगल हवाच, आणि झाडायला ब्रश.

पितळ. महोदय, माझ्या मते आमच्या शॉपमधला सगळ्यांत फसवा माल हाच. मऊ आहे, पिवळाधमक आहे, भोक झटक्यात पडतं, म्हणून पोरांना आवडतो. पण पोलादासाठी घासलेल्या बिटाची धार पितळेत कापत न राहता स्क्रूसारखी आत शिरते. पितळ बिटाला ओढून घेतं आणि हँडल हातातून खाली जातं. जॉब बांधलेला नसेल तर तो बिटावर चढून फिरायला लागतो. बुश हातात धरून भोक पाडणाऱ्याची बोटं त्या वेळी बुशभोवतीच असतात. यावरचा उपाय जुने कारागीर जाणतात. बिटाच्या दोन्ही धारांची पुढची बाजू ऑईलस्टोनवर हलकीशी घासून चपटी करायची, म्हणजे धार ओढत नाही, खरवडते. याला वेळ जात नाही. पितळेसाठी असं एक बिट वेगळं ठेवून त्याच्या दांड्यावर रंगाचा ठिपका दिला की झालं. पण असं बिट करता येतं, हेच बहुतेकांना ठाऊक नाही. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. कुणीतरी एकदा साधं बिट आणि घासलेलं बिट एकाच पितळेच्या तुकड्यावर, नीट बांधून, लागोपाठ चालवून दाखवावं लागतं. मग पोरगा ते आयुष्यभर विसरत नाही.

ॲल्युमिनियमला जास्त गती लागते, हे वर आलंच. ते बिटाच्या खाचांत चिकटून बसतं. खाचा बुजल्या की बिट कापायचं थांबतं, तापतं, आणि पोरगं दाब वाढवतं. बिट वरचेवर वर काढून साफ करायचं आणि थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑईल लावायचं. रॉकेल लावताना शेजारी वेल्डिंग चालू नको. आमच्या एवढ्याशा जागेत ही अट सांगावीच लागते.

स्टेनलेसशी पोरांची सगळ्यांत जास्त झटापट होते. या पोलादाचा स्वभाव असा की बिट न कापता नुसतं घासत राहिलं, तर घासलेली जागा आणखी कडक होते. मग तिथे दुसरं नवं बिट लावलं तरी तेही बोथट होतं. पोरगं काय करतं? गती वाढवतं, आणि हँडलला अंगाचं सगळं वजन देऊन लोंबकळतं. बिट मोडतं आणि त्याचा तुकडा उडतो त्या वेळी त्याचं तोंड वीतभर अंतरावर असतं. इथे करायचं ते सगळं उलट. साध्या पोलादाच्या निम्म्याहून कमी गती, कूलंटची न थांबणारी धार, बिटाला चांगली धार, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा पक्का दाब. मध्ये रेंगाळायचं नाही. नेहमीच्या बिटाचं टोक ११८ अंशांचं असतं, स्टेनलेससाठी १३५ अंशांचं चपटं टोक बरं पडतं.

ट्रकच्या कमानीच्या पाट्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण महामार्गावरच्या गावात हा माल रोजचा आहे. पाटा मोडला तरी तो भंगार होत नाही. त्याचे कोयते होतात, कुळवाची पास होते. पण तो पाणी दिलेला अलॉय स्टीलचा तुकडा असतो. मघाशी सांगितलेले ५ ते ८ मीटर त्याच्यासाठीच. बऱ्याच बेंच ड्रिलची सर्वांत कमी गतीसुद्धा त्याहून जास्त असते, म्हणजे आमच्या मशीनवर थंड पाट्याला भोक पाडणं यंत्राच्या कुवतीबाहेरचं आहे. तरी ते रोज केलं जातं. बिट किंचाळतं, धुरकट वास येतो, मोडकं बिट फेकून दुसरं लावलं जातं. गावातला लोहार हे कधी करणार नाही. तो पाटा भात्यावर लालभडक करून सुंब्याने भोक पाडतो आणि मग पुन्हा पाणी देतो. ड्रिलच वापरायचं असेल तर पाटा लाल करून राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यावा, म्हणजे तो मऊ पडतो. भोक पाडून झाल्यावर पुन्हा पाणी द्यावं. कमानीत परत बसवायचा पाटा असेल, तर हा खेळ गाडीतल्या माणसांच्या जिवावर करायचा नाही. सरळ नवा पाटा घ्यायला सांगायचं. पोराने ‘हे आपल्या मशीनवर होणार नाही’ असं गिऱ्हाइकाला सांगणं, हासुद्धा सुरक्षिततेचाच धडा आहे. तो त्याला मालकासमोर शिकवला गेला पाहिजे.

आणि पत्रा. पातळ पत्र्याने आमच्याकडे हात कापले जातात, तसे दुसऱ्या कशाने नाहीत. कारण असं. बिटाचं टोक पत्र्यातून पार होतं, तेव्हा त्याच्या दोन धारा अजून भोकाच्या कडेला पोचलेल्या नसतात. टोकाला आधार देणारा मालच खाली उरलेला नसतो. धारा कडेत अडकतात, पत्रा बिटावर चढतो आणि पंख्याच्या पात्यासारखा गरगर फिरतो. पोराच्या एका हातात त्या वेळी पत्र्याची कड असते. हाताने धरलेल्या पत्र्याला ड्रिल लावायचंच नाही, हा नियम भिंतीवर एक फूट उंच अक्षरांत लिहिला पाहिजे. पत्रा दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये दाबून क्लॅम्प करायचा, नाहीतर पायऱ्यांचं स्टेप ड्रिल वापरायचं. स्टेप ड्रिल आता सोलापूरच्या बाजारात सहज मिळतं.

ॲक्रेलिकलाही पितळेसारखं धार घासलेलं बिट आणि खाली लाकडाचा आधार, नाहीतर पार होताना ते तडकतं. लाकडालाही खाली टाकाऊ फळी. आमच्याकडे बाभळीची आणि कडुलिंबाची कामं येतात. गाठ लागली की बिट वळतं, तेवढं ध्यानात ठेवावं. पाइपला व्ही-ब्लॉक, आणि त्यावर क्लॅम्प.

या सगळ्या मालांना जोडणारी दोन तत्त्वं आहेत. पहिलं, भोक पार होण्याच्या शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करायचा. तोपर्यंत बिटाचं टोक मालाला रेटत असतं आणि माल त्याला अडवत असतो. टोक पार झालं की अडवणारं कुणी नसतं, पण हात मात्र तेवढ्याच जोराने दाबत असतो. बिट एकदम खाली जातं आणि अडकतं. पोरगं त्या वेळी ‘झालंच आता’ म्हणून दुसरीकडे बघत असतं. दुसरं, जॉब वाइसमध्ये, आणि वाइस टेबलाला बोल्टने आवळलेली. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक डावीकडे ठेवून खांबाच्या डाव्या बाजूला टेकवायचं. बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. जॉब अडकला की तो त्याच दिशेने फिरायला बघतो. पट्टी खांबावर टेकलेली असली तर खांब तिला धरतो. उजवीकडे ठेवली तर ती पोराच्या पोटावर येते. इतकी साधी गोष्ट आहे, पण ती समोर उभं करून दाखवल्याशिवाय कळत नाही.

हातमोज्यांचंही सांगितलं पाहिजे, कारण इथे चांगल्या हेतूने वाईट घडतं. सुरक्षितता म्हटलं की मालक बाजारातून हातमोजे आणून देतो. वेल्डिंगला ते हवेतच. ड्रिलवर ते घातक आहेत. सूत चिपेत अडकतं आणि मोज्याबरोबर बोट ओढलं जातं. पोरांना हे पटत नाही, म्हणून मी त्यांना हिशेब मांडून दाखवतो. साडेनऊशे फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला जवळपास १६. आपण दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात ४ फेरे होतात. चक ५ सेंटीमीटर जाडीचा असेल तर एका फेऱ्यात १५-१६ सेंटीमीटर कापड गुंडाळलं जातं, चार फेऱ्यांत ६० च्या वर. बोटांच्या टोकापासून दंडापर्यंतचा हात झाला. हात मागे घ्यायचं मनात येईपर्यंत एवढं होऊन गेलेलं असतं. आमच्या भागात उन्हाळ्यात गळ्यात टॉवेल असतोच, मनगटावर लाल दोरा, हातात कडं, कानात हेडफोनची वायर. मुली कामाला असतील तर ओढणी आणि वेणी. हे सगळं ड्रिलपाशी येण्याआधी काढायचं किंवा आत खोचायचं. देवाचा दोरा काढायला पोरं तयार नसतात. मग तो कोपरापर्यंत वर सरकवून बाही घट्ट गुंडाळायची, हा तोडगा आमच्याकडे चालतो.

चकच्या चावीचंही असंच. चावी हरवते म्हणून ती तारेने मशीनला बांधून ठेवतात. चावी चकात विसरली आणि मशीन चालू झालं, की सुटी चावी उडते आणि बांधलेली असेल तर तारेसकट फिरते. स्प्रिंगची चावी मिळते. ती हात सोडला की आपोआप बाहेर येते. तीच वापरावी.

आणि वीज. मराठवाड्यात हे वेगळं सांगायला नको. भोक अर्धं पडलेलं असताना वीज जाते. पोरगं स्विच तसाच ठेवून चहाला जातं. वीज येते तेव्हा जॉबमध्ये रुतलेलं बिट एकदम फिरू लागतं आणि त्याच वेळी कुणीतरी जॉब सोडवत असतं. म्हणून ड्रिलला साधा बटण-स्विच नको, स्टार्टर हवा. शेतातल्या मोटारीला असतो तसाच. वीज गेली की त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटार चालू होत नाही. पण शेतातल्या स्टार्टरला आमच्याकडे ऑटो स्विच लावण्याची पद्धत आहे, कारण रात्री-अपरात्री वीज येते आणि पाणी द्यायचं असतं. तीच सवय काहींनी वर्कशॉपमध्येही आणली आहे. ड्रिलच्या स्टार्टरला ऑटो लावणं म्हणजे पोराचा हात त्या विजेच्या वेळापत्रकाच्या हवाली करणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, यासाठी कायदा आहे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ यंत्राच्या कुंपणाचं होतं, कलम २२ चालत्या यंत्राजवळच्या कामाचं, कलम २३ तरुण मुलांना धोक्याच्या यंत्रावर शिकवल्याशिवाय न लावण्याचं, कलम ३५ डोळ्यांच्या रक्षणाचं. एकेक कलम शहाणपणाने लिहिलेलं होतं. पण त्या अधिनियमाने कारखाना म्हणायचा तो वीज वापरून १० कामगार असलेल्या जागेला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा २० वर नेला. आमच्या रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये तीन-चार माणसं असतात. निरीक्षक आमच्या दारात येत नाही, कारण त्याच्या लेखी आम्ही कारखाना नाही. इथे मी कुणाची तक्रार करत नाही. कायद्याची रेघच आमच्या दारावरून गेली आहे, एवढंच सांगतो.

त्याच वेळी १९२३ च्या भरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बोटांचा हिशेब नेमका लिहिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के शक्ती गेली, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी ७. गेलेल्या बोटाला किंमत लावायला आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच सुरुवात झाली. ते जाऊ नये म्हणून शिकवायला मात्र आमच्याकडे कुणी येत नाही.

पीएम विश्वकर्मा योजनेचं उदाहरण मुद्दाम देतो. १७ सप्टेंबर २०२३ ला ती सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय, पाच-सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये. त्यात लोहार आहे, सुतार आहे, कुलूपवाला आहे. फॅब्रिकेशनवाला नाही, महामार्गावर ट्रॉल्या-डंपर दुरुस्त करणारा नाही, मोटारपंपवाला नाही. लोहाराचा मुलगा भाता सोडून ज्या ड्रिलवर आला, ते ड्रिल त्या यादीबाहेर राहिलं.

म्हणून आयटीआय. तालुक्याच्या गावी सरकारकडे ड्रिल मशीन, टेबलाला बांधलेली वाइस, सगळे क्लॅम्प आणि ते शिकवणारा माणूस एका छपराखाली आहे, अशी दुसरी जागा नाही. १९५० पासून शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना चालू आहे. तिने घडवलेले फिटर, टर्नर कारखान्यांत गेले आणि त्यांनी नाव काढलं. गावात राहिलेलं पोरगं दहावी नापास असतं, फिटरच्या प्रवेशाच्या यादीत त्याचं नाव लागत नाही, आणि ड्रिलवर तेच उभं असतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. तिथून बाहेर पडून ते बेळगावला आले, शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर केला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. महाराष्ट्रात यंत्रकाम रुजवणाऱ्यांत पहिल्या ओळीतला हा माणूस मुळात शिकवणारा होता. शिकवणारा माणूस संस्थेच्या फाटकाबाहेर आला की किती काम होतं, हे या राज्याला नव्याने सांगावं लागू नये.

१७ सप्टेंबर मी विचार करून सुचवला आहे. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन. १९४८ ला याच दिवशी निजामाची राजवट संपली. सकाळी झेंडावंदन होतं आणि पुढे तासिका नसतात. बहुतेक वर्षी त्याच दिवशी विश्वकर्मा जयंतीही असते, त्यामुळे अवजारांची पूजा होतेच. मशिनं मोकळी असतात. वर्कशॉपवाल्यांनाही त्या दिवशी पोरांना सोडणं जड जात नाही. मराठवाड्याबाहेरच्या तालुक्यांनी आपापल्या सोयीचा दिवस घ्यावा, खंडेनवमीच्या आधीचा आठवडाही चांगला.

त्या दिवशी काय व्हावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. सकाळी पोरांचे दोरे-कडी-टॉवेल काढून, गॉगल लावून शॉपमध्ये घ्यावं. पहिला तास फक्त बांधणीचा: वाइस, क्लॅम्प, व्ही-ब्लॉक, खांबाची डावी बाजू. मग एकेक माल. पत्र्याचं प्रात्यक्षिक जाळीआड करावं. न बांधलेला तुकडा बिटावर कसा चढतो, ते पोरांनी लांबून एकदा पाहावं. रिकामा हातमोजा काठीच्या टोकाला अडकवून फिरत्या चिपेला लावून दाखवावा, त्यानंतर हातमोज्यावर चर्चा करायची गरज उरणार नाही. दुपारी प्रत्येकाने स्वतः पितळ, बीड आणि स्टेनलेस अशी तीन भोकं पाडावीत, प्रत्येक वेळी बेल्ट स्वतः बदलावा, तोही प्लग काढून. बोलणं साध्या मराठीत असावं. आमच्याकडे घरी कानडी बोलणारी पोरं बरीच आहेत, त्यांच्यासाठी एखादा कानडी जाणणारा निदेशक सोबत असला तर उत्तमच. शेवटी अर्धा तास प्रथमोपचाराचा. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकायचं नाही. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. हे माहीत असलं तर उपजिल्हा रुग्णालयातून सोलापूरला जाईपर्यंत बोट वाचण्याची शक्यता राहते.

एक अट मात्र घालावी: पोराबरोबर मालकाने आलंच पाहिजे. वाइस विकत आणायची की नाही, ट्रकवाल्याला नाही म्हणायचं की नाही, स्टार्टर बसवायचा की नाही, हे पोरगं ठरवत नाही. घाई मालक करतो. पितळ बिटाला कसं ओढतं, ते त्याने पोराच्या शेजारी उभं राहून पाहावं.

खर्चाचं म्हणाल तर माल आम्ही देऊ. मोडके पाटे, बिडाच्या फ्लँजा, पितळेची बुशं, पत्र्याचे काप, लागेल तेवढं भंगार आमच्या दारात पडलेलं असतं. आदल्या दिवशी ट्रॉलीतून पोचवू. बिटं आणि कूलंटचा खर्च रस्त्यावरच्या वर्कशॉपवाल्यांना वाटून घेता येईल, तेवढं मी बोलून ठेवतो. निदेशकांना त्या दिवसाचं मानधन आणि बदली सुट्टी मात्र संचालनालयाने द्यावी. सुट्टीच्या दिवशी फुकट राबवून घेतलेला माणूस मनापासून शिकवत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

परवानगीचं पत्र उमरग्याच्या संस्थेच्या प्राचार्यांच्या नावे पाठवलं तरी चालेल. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही काही जण त्यांना भेटायला जाणार आहोत. तोवर ते पोचलं तर यंदाच सुरुवात करता येईल.

कळावे,

आपला,
एक वर्कशॉपवाला फिटर
उमरगा, जि. धाराशिव